सहा चौकटींत रात्रभराचं नाटक

ब्रह्मपुरी, जि. चंद्रपूर

प्रिय गड्या,

तुझा व्हॉइस मेसेज मिळाला. तिकडे मेलबर्नला उन्हाळा लागतो म्हणे, आणि इकडे धान कापून बांध्या मोकळ्या झाल्या. अर्धा मेसेज तू मला झापण्यातच घालवलास. "काहून बे, अजून डीव्हीडी बनवत बसलास? जग कुठं गेलं!" जग कुठं गेलं ते मला चांगलं दिसतं गा, माझ्या दुकानासमोरच्या रस्त्यानंच गेलं. पण तुझ्या प्रश्नाला मेसेजमध्ये उत्तर देणं जमायचं नाही. म्हणून पत्रच लिहायला घेतलं. चहा कर आणि निवांत वाच.

तू म्हणतोस ते खोटं नाही. लग्नाच्या पार्ट्या आता पेनड्राइव्ह मागतात. नवरा-नवरीला रील हवी असते, तीही अंगावरची हळद उतरायच्या आत. कोऱ्या डीव्हीडीची पेटी हवी तर नागपूरला सांगून ठेवावं लागतं, आणि नव्या लॅपटॉपला डिस्क घालायची सोयच नसते. तरी या हंगामात मी तीन डिस्कांचा एक संच बनवला, आणि त्याचं अर्धं कारण तुझ्याच घरी बसलंय. तुझी आई!

झालं असं की मंडईच्या रात्री गावात नाटक होतं. काकू हौसेनं गेल्या, चटई टाकून पुढं बसल्या, पण गुडघ्यांनी साथ दिली नाही. मध्यरात्रीच्या सुमारास त्यांना घरी आणून सोडावं लागलं. दुसऱ्या दिवशी विहिरीपासून किराणा दुकानापर्यंत सगळं गाव नाटकावर बोलतंय आणि यांना पुढचं काही ठाऊकच नाही! त्याचं शूटिंग नाटक कंपनीसाठी मीच केलं होतं हे त्यांना कोणीतरी सांगितलं. लगेच फोन. "बाबू, मले ते नाटक टीव्हीवर पाह्यता येईल का?" मी म्हटलं, काकू, फोनवर पाठवतो. त्यावर त्यांचं उत्तर तयार होतं. फोनात कोणाचं तोंड धड दिसत नाही, आणि रेंज घरात येतच नाही, अंगणातल्या आंब्याखाली येते. थंडीत आंब्याखाली बसून नाटक कोण पाहील? मग आठवण झाली ती तू पहिल्या पगारातून घेऊन दिलेल्या डीव्हीडी प्लेअरची. तो अजून चालतो बरं का. वर क्रोशाचा रुमाल आहे, रिमोटला प्लास्टिकची पिशवी आहे, आणि टीव्ही तोच जुना, मोठ्या पाठीचा.

वहिनी पुण्याच्या, आणि हे पत्र तू त्यांना वाचून दाखवशील. म्हणून तुला ठाऊक असलेल्याही दोन गोष्टी लिहितो. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली हा धानाचा, तलावांचा आणि जंगलाचा पट्टा म्हणजे झाडीपट्टी. दिवाळी झाली की गावोगाव मंडई भरते, मग शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती, लागतात, आणि दिवसा बैलांचा पट असला की रात्री नाटक ठरलेलं. नाटक रात्री दहाच्या आसपास सुरू होतं आणि पहाटेपर्यंत चालतं. कंपन्यांचं ठाणं म्हणजे वैनगंगेपलीकडचं वडसा, कागदोपत्री देसाईगंज. हंगामात तिथं कंपन्यांचे बोर्ड लागतात, आणि गावोगावची मंडळी येऊन तारखा पक्क्या करून जातात. कुरखेडा तालुक्यातल्या गुरनोलीचे परशुराम खुणे, आपल्याकडचे लोक ज्यांना झाडीपट्टीचे दादा कोंडके म्हणतात, त्यांना 2023 साली पद्मश्री मिळाली. 5000 च्या वर प्रयोगांत 800 वेगवेगळ्या भूमिका त्यांच्या नावावर आहेत. 2014 साली सर्वोच्च न्यायालयानं बैलांच्या शर्यतींवर बंदी घातली ती डिसेंबर 2021 पर्यंत होती. त्या बंदीनं पट थांबले, पण नाटकाचा पडदा काही तिच्यामुळे खाली राहिला नाही. वहिनी, पुण्यात दोन अंकी नाटक अडीच तासांत आटोपतं आणि प्रेक्षक पार्किंगकडे पळतात. आमच्याकडे नाटक आटोपलं की प्रेक्षक दात घासतात.

आता हिशेब बघ. नाटक सहा तासांचं. साध्या, एका थराच्या डीव्हीडीत मावतं 4.7 जीबी. सहा तास एकाच डिस्कमध्ये कोंबले तर सेकंदाच्या वाट्याला पावणेदोन मेगाबिटही येत नाहीत. मग हॅलोजनभोवतीच्या किड्यांपासून नटीच्या शालूपर्यंत सगळ्याचे चौकोन पडतात. दोन तासांना एक डिस्क केली की पाच मेगाबिटच्या आसपास मिळतात आणि माणसं ओळखू येतात. म्हणून तीन डिस्का. पहिल्या डिस्कवरचं बटन दुसऱ्या डिस्कवर उडी मारू शकत नाही, त्यामुळे प्रत्येकीला आपापला मेनू हवा. प्रत्येक मेनूत सहा चौकटी, चौकटीत त्या प्रवेशाचं चित्र, चित्र निवडून 'ओके' दाबलं की तो प्रवेश सुरू. ऐकायला एवढंच. पण सगळं शूटिंग जोडून, आवाज साफ करून झाल्यावर माझ्या रात्री खाल्ल्या त्या या चौकटींनीच.

तुला वाटत असेल, चित्राचं बटन म्हणजे चित्रच दाबायचं. तसं नसतं गा. डीव्हीडीच्या मेनूत चित्र वेगळं आणि बटन वेगळं. सगळ्यात खाली असते पार्श्वभूमी. तिच्यात सहाही क्लिपा आधीच मिसळून एकच व्हिडिओ केलेला असतो. प्लेअरला त्यात सहा चित्रं आहेत याचा पत्ताच नसतो. त्याच्यावर एक पातळ थर असतो, एका वेळी चारच रंग दाखवू शकणारा, आणि त्यातलाही एक बहुतेक पारदर्शक ठेवण्यात जातो. रिमोटचा बाण दाबला की जी पिवळी चौकट या चित्रावरून त्या चित्रावर जाते ती या थरातली. रंग इतके थोडे की छटा, सावली, चमक यांतलं काहीच तिथं साधत नाही, आणि गोल कडा करायला जावं तर दातरी दिसते. म्हणून सरळ जाड चौकट काढावी आणि गप्प बसावं. त्याच्याही वर असतात न दिसणारे आयत. बटनाची हद्द कुठून कुठपर्यंत, दाबलं की कुठल्या चॅप्टरला जायचं, आणि वर, खाली, डावीकडे, उजवीकडे शेजारी कोण, हे सगळं त्या आयतांत लिहिलेलं. एका मेनूत अशी 36 बटनं ठेवायची मुभा आहे. पण 36 चित्रं एका पडद्यावर मांडली तर त्यात राजा कोण आणि राजाचा घोडा कोण हे भिंगातून पाहावं लागेल.

मेनू बनवायला मी अजून एन्कोर हे सॉफ्टवेअरच वापरतो. अ‍ॅडोबीनं सीएस6 नंतर, म्हणजे 2012 नंतर, ते पुढं नेलं नाही. माझ्या जुन्या कॉम्प्युटरवर मात्र ते निमूट चालतं. त्यात मेनू म्हणजे मुळात फोटोशॉपची फाइल. थरांच्या नावांआधी खुणा करायच्या. बटनाच्या गटाला (+), ज्या थरात व्हिडिओ दिसायला हवा त्याला (%), आणि चमकणाऱ्या चौकटीला (=1). एवढ्यावर एन्कोर ओळखतं की इथं बटन आहे, इथं क्लिप बसवायची आहे आणि इथं पिवळी रेघ उजळायची आहे. टक्क्याची खूण राहिली तर सगळं ठीक दिसतं, पण चौकटीत क्लिप काही येत नाही. मग शोधत बसा! फुकटातलं काही हवं असेल तर डीव्हीडीस्टायलर आहे. साध्या मेनूला ते पुरतं.

खरी कसरत पुढं आहे. सॉफ्टवेअर आपल्या मनानं चॅप्टरची पहिली फ्रेम उचलतं. आपल्याकडे प्रवेश संपला की लाइट जातात, अंधारात खाट हलते, झाड येतं, राजवाड्याचा पडदा जाऊन झोपडीचा पडदा लागतो, आणि मग उजेड होतो. म्हणजे चॅप्टरची पहिली फ्रेम हमखास काळी. तशीच ठेवली तर मेनूत सहा काळी डबडी. काकूंनी काय निवडायचं त्यातून? म्हणून प्रत्येक चॅप्टरची पोस्टर फ्रेम हातानं ठरवावी लागते. बटन दाबल्यावर प्रवेश आपल्या जागेवरूनच सुरू होतो, फक्त चौकटीत दिसणारं चित्र आपण निवडलेल्या क्षणाचं असतं.

तो क्षण निवडणं म्हणजे डोक्याला ताप. पडदा 720 बाय 576 पिक्सेलचा. जुन्या टीव्हीच्या कडा चित्र खातात, म्हणून चारी बाजूंनी जागा सोडायची. एका ओळीत तीन चौकटी धरल्या तर एकीच्या वाट्याला पावणेदोनशे पिक्सेलही रुंदी येत नाही. त्यात आख्खा रंगमंच दाखवायचा म्हटलं तर आठ पात्रं, दोन खांब आणि एक तुळस, आणि कोणाचंच तोंड नाही. म्हणून कमरेच्या वरचा जवळचा शॉट शोधायचा. तो सापडतो, पण पुढं वरून लोंबणारे माइक असतात ना! आपला नट वाक्य फेकायला बरोबर माइकखाली येतो, आणि नेमक्या त्या वाक्याला माइक त्याच्या नाकावर. म्हणजे ज्या क्षणाला टाळ्या पडल्या तो क्षण चित्राला कुचकामी.

एक उदाहरण सांगतो. दुसऱ्या अंकात भाऊबीजेचा प्रवेश आहे. भाऊ पिऊन आलेला, बहीण ओवाळायला दारात उभी. संवाद जोरदार, बहीण रडते, भाऊ ताट उडवतो, पेंडॉलमध्ये बायकांचे पदर डोळ्यांना. ताट उडतं ती फ्रेम मी आधी बाजूला काढली, कारण त्या जागी सगळं गाव हललं होतं. पण लहान चौकटीत ती पाहिली तर नुसतं काहीतरी पांढरं फिसकटलेलं दिसतं. मग तिथून मागं जात राहिलो. एका जागी ती अजून बोललेली नाही, तो अजून आत आलेला नाही. ताटातल्या दिव्याचा उजेड तिच्या हनुवटीला लागलाय, माइक कोपऱ्यात गेलाय, आणि भावाचा फक्त हात चौकटीत आलाय, दाराच्या बाजूला टेकलेला. एक तोंड आणि एक हात. नाटक पाहिलेल्या माणसाला एवढ्यात सगळं कळतं, आणि न पाहिलेल्याला पुढचं फुटत नाही. तीच ठेवली. या कामाचा एक नियम म्हणून धरून ठेव. टाळीचा क्षण घेऊ नये, टाळीच्या आधीचा घ्यावा. तिथं माणसं स्थिर असतात, डोळे उघडे असतात, आणि गुपितही फुटत नाही. शेवटच्या प्रवेशात कोण मरतं ते बटनावरच दिसलं तर सहा तास बसायचं कशाला?

चित्रं कोणती घ्यायची यावर कंपनीतल्या एकानं मला सल्ला दिला, सगळ्या चौकटींत हिरो टाका. म्हणजे सहा चौकटींत एकच गडी, मुंडासं तेवढं बदललेलं! पोस्टरला ते ठीक आहे. पोस्टर एसटी स्टँडवर लागतं आणि गर्दी खेचतं. मेनूचं काम वेगळं. म्हणून मी निवडक फ्रेमांचा एक मोठा कागद छापला आणि चौकातल्या टपरीवर चिकटवून दिला. मग बसलो ऐकत. कोणीही 'दुसरा अंक, तिसरा प्रवेश' असं म्हणत नाही रे. लोक म्हणतात, 'बहीण येते तो', 'सावकाराले हाणते तो', 'पोट्टी पळून जाते तो'. संहितेत त्या प्रवेशाला काय आकडा आहे याच्याशी कोणाला देणंघेणं नाही. शेवटी चौकटींखालची नावं मी त्यांच्याच तोंडची घेतली. 'भाऊबीज'. 'सावकाराचा वाडा'. 'पंचायत'. एक-दोन शब्द, बस्स.

आणि ते एक-दोन शब्द टीव्हीवर नीट दिसणं हेही एक प्रकरणच आहे. जुना टीव्ही चित्र एकाआड एक ओळींनी रंगवतो. आडवी रेघ बारीक असली तर ती एका फेरीत येते, दुसऱ्या फेरीत नाही, आणि सारखी लुकलुकते. इंग्रजी अक्षरांना ते थोडंफार चालून जातं. मराठीचा तर प्रत्येक शब्द आडव्या रेघेला लटकलेला! सगळा मेनू डोळे मिचकावत बसतो. म्हणून फॉन्ट जाड हवा, शिरोरेषा निदान तीन ओळींची हवी, आणि रंग भडक पांढरा नको, किंचित मळका हवा. एन्कोरमध्ये थेट मराठी लिहायला गेलं की वेलांट्या आणि जोडाक्षरं विस्कटतात. त्यामुळे मी नावं श्रीलिपीत लिहितो आणि फोटोशॉपमधून चित्र म्हणूनच आणतो.

तू विचारशील, चौकटींत क्लिपा हलत्या ठेवल्यास की चित्र स्थिर? लग्नाच्या डिस्का करायचो तेव्हा सगळं हलायचं. एका चौकटीत हार, दुसरीत अक्षता, तिसरीत वरात, सगळं एकदम. पार्टी खूश व्हायची, कारण पैसे कुठं गेले ते दिसायचं. पण हलत्या मेनूची एक अडचण आहे. अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ संपला की तो पुन्हा पहिल्यापासून लागतो, आणि त्या सांध्यावर प्लेअर क्षणभर अडखळतो. चित्र आणि आवाज दोन्ही हळूच मावळवून पुन्हा उगवले तर तो झटका लपतो, जात नाही. शिवाय सहा ठिकाणी सहा माणसं हातवारे करत असली की पिवळी चौकट कुठल्या चित्रावर आहे हेच म्हाताऱ्या माणसाला कळत नाही. फक्त निवडलेलं चित्र हलावं आणि बाकीची स्थिर राहावीत, असंही करता येतं. प्रत्येक बटनासाठी वेगळा मेनू करायचा, आणि बाण तिथं पोचताच प्लेअरनं आपोआप त्या मेनूवर उडी मारायची. पण प्रत्येक उडीला काकूंचा प्लेअर विचार करत बसतो. तेव्हा नाटकाला चित्रं स्थिरच ठेवली, आणि मागं नांदीच्या आधी ऑर्गनवर सूर जुळवतात तो तुकडा लावला. तो ऐकला की गावातला माणूस आपोआप चटई शोधतो.

हलतं चित्र अगदीच फुकट असं मात्र मी म्हणणार नाही. ताडोब्याला येणारे एक गृहस्थ आहेत. त्यांनी आपल्या वडिलांसाठी मोहर्लीच्या बाजूच्या सफारीची डिस्क करून घेतली. आपलं ताडोबा 1955 पासून राष्ट्रीय उद्यान, 1995 पासून व्याघ्र प्रकल्प, आणि पाहुण्यांना वाघ सोडून काही दिसत नाही हे तुला ठाऊकच आहे. शूटिंगमध्ये बरंचसं पुढच्या जिप्सीचं ढुंगण होतं, पण वाघ चांगले होते. आता वाघाचं स्थिर चित्र त्या इवल्या चौकटीत टाकून बघ. उन्हातलं वाळकं गवत, बांबूच्या सावल्या, आणि त्यात त्याचे पट्टे. काही म्हणजे काही दिसत नाही. त्याच्या अंगावरची नक्षी त्यासाठीच तर आहे. पण तीच क्लिप हलती ठेवली, आणि त्यानं नुसता कान झटकला किंवा एक पाऊल टाकलं, की लगेच डोळा तिथं जातो. जंगलातही तो आपल्याला असाच दिसतो ना, हलला की. तिथं मी चौकटी हलत्या ठेवल्या. नाटकातला नट दिसावा म्हणूनच उभा असतो, वाघ दिसू नये म्हणून. मेनूही त्याप्रमाणे हवा.

आता तुझ्या पेनड्राइव्हबद्दल. पेनड्राइव्ह टीव्हीला लावला की काय दिसतं? इंग्रजीत फायलींची नावं, आणि नावं म्हणजे कॅमेऱ्यानं दिलेले आकडे. ज्याला इंग्रजी वाचता येत नाही, किंवा मुळात वाचताच येत नाही, त्यानं नाटकातली भाऊबीज शोधायची कुठं? यूट्यूबचं म्हणशील तर कंपनीच्या चॅनेलला मी व्हिडिओ करून देतो, तिथं चॅप्टरही पाडतो. पण तिथलं थंबनेल बघ. 1280 बाय 720 चं एकच चित्र, त्यावर लाल बाण, पिवळी अक्षरं, आ वासलेलं तोंड, आणि बऱ्याचदा नाटकात नसलेलीच नटी. ते चित्र रस्त्यावर उभं राहून अनोळखी माणसाला हाका मारतं. हजारांतून आपल्याकडे वळवायचं, हे त्याचं काम. डिस्कवरचं चित्र घरातलं आहे. माणूस आधीच आत आला आहे, त्यानं डिस्क लावली आहे. त्याला फक्त हव्या त्या प्रवेशापर्यंत नेऊन सोडायचं आहे. तिथं खोटं बोलून चालत नाही. चौकटीत बहीण दाखवली आणि दाबल्यावर सावकार निघाला, तर काकू दुसऱ्या क्षणाला रिमोट खाली ठेवतील आणि मला फोन लावतील. म्हणून माझं आपलं म्हणणं असं की थंबनेल बनवायला शिकायचं असेल तर आधी डिस्कचा मेनू बनवायला शिकावं. निवडलेलं चित्र खरं आहे की नाही हे तिथं लगेच कळतं.

डिस्क घेऊन मी स्वतःच काकूंकडे गेलो. दोन ओळी, ओळीत तीन चौकटी. काकूंना खालचा बाण, उजवा बाण हा भेद नको असतो. त्या एकच बाण दाबत राहतात. म्हणून उजव्या बाणाची साखळीच करून ठेवली होती. वरच्या ओळीतली तिसरी चौकट संपली की उजवीकडे दाबताच खालच्या ओळीतली पहिली, आणि सहावीनंतर परत पहिली. कुठं अडायचं नाही, कुठं हरवायचं नाही. रिमोटवरचा आकडा दाबला तरी त्या नंबरची चौकट लागावी अशीही सोय केली. पण आकड्यांकडे त्यांनी पाहिलंच नाही. चित्रं पाहत पाहत गेल्या, भाऊबीजेवर थांबल्या आणि म्हणाल्या, "हे तं मी पाह्यलं, याच्या पुढलं लाव." 'ओके' कुठलं ते एकदा दाखवलं, पुढं त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मी चहा घेऊन निघालो तेव्हा सावकाराच्या वाड्यात हाणामारी सुरू होती आणि शेजारच्या दोघी येऊन बसल्या होत्या.

काकूंसारखी गिऱ्हाइकं आणखीही आहेत. एटापल्लीकडून, भामरागडकडून कोणी कामानं वडशाला आलं की नाटकाची डिस्क विचारतं. पर्लकोटा नदीला पूर चढला की भामरागडचा रस्ता बंद होतो, मग रेंजचं काय घेऊन बसलास? डिस्क एकदा घरी गेली की या घरातून त्या घरात फिरत राहते, आणि मेनू तिच्या पोटातच असल्यामुळे सोबत सांगणारा माणूस लागत नाही.

पण डिस्क म्हणजे अमरपट्टा, असं मात्र समजू नकोस. घरी लिहिलेल्या डीव्हीडीत रंगाचा थर असतो, तो ऊन आणि उष्णता यांनी मरतो. आणि चंद्रपूरचा मे महिना तुला सांगायला नको, पारा कधीकधी 47 च्या वरही जातो. म्हणून खिडकीत ठेवलेली डिस्क टिकत नाही. मूळ शूटिंग मी दोन वेगवेगळ्या हार्डडिस्कवर ठेवतो. डिस्क फक्त पाहण्यासाठी.

आता मुद्द्याचं. काकांनी गावच्या मंडळात नाटकं केली होती, कंपन्यांना बोलवायच्या आधीच्या काळात. त्यातल्या एकाची व्हीएचएस कॅसेट तू जाताना सोबत नेली होतीस, आणि तुझ्या लग्नाच्या मिनीडीव्ही कॅसेटीही तुझ्याचकडे आहेत. त्या कुठं आहेत ते आज शोध. व्हीएचएसच्या झाकणाच्या काचेतून फितीवर पांढरी बुरशी दिसली तर हौसेनं कुठल्याही मशीनमध्ये घालू नकोस, फीतही जाईल आणि मशीनचं हेडही. मिनीडीव्हीचं म्हणशील तर एका तासाची कॅसेट उतरवायला एक तासच लागतो, त्यात घाई चालत नाही, आणि ती वाजवणारे कॅमेरे दरवर्षी कमी होत चाललेत. माझ्याकडे एक चालू आहे, तो आहे तोवर काम करून घे. येताना कॅसेटी सामानात टाकू नकोस, हातातल्या पिशवीत ठेव.

आणि ते नाटक उतरवून झालं की त्याच्या सहा चौकटी तू आणि काकू बसून निवडा. मी ते नाटक पाहिलेलं नाही. ज्यानं पाहिलंय त्यानंच चित्र निवडावं.

वहिनींना नमस्कार, पोट्ट्यांना आशीर्वाद.

तुझा,
शूटिंगवाला

ता. क. तिकडे चांगल्या कोऱ्या डीव्हीडी अजून मिळत असतील तर एक पेटी घेऊन ये. पैसे इथं आल्यावर देतो.